दोन बाप आणि लाल चटणी

माझा भाचा लोअर परळला प्रोग्रॅम लिहितो. पूर्वी जिथे गिरणीचा भोंगा व्हायचा, तिथे आता त्याचं काचेचं ऑफिस आहे. परवा गिरगावात जेवायला आला तो तोंड पाडून. "मामा, साहेबाने कोड परत पाठवला. म्हणे मल्टिपल इनहेरिटन्स नको, मिक्सिन वापर."

मला एवढंच कळलं की वारसाहक्काची भानगड आहे. आणि पागडीच्या खोलीत जन्मलेल्या माणसाला वारसाहक्क शिकवावा लागत नाही. म्हटलं, बोल.

एका क्लासला दोन बाप. त्या दोघांचा बाप एकच. मग आजोबांची वस्तू नातवाकडे कुणाच्या हातून आली? आणि आजोबा एक धरायचे की दोन? ह्याला म्हणे डायमंड प्रॉब्लेम म्हणतात. सी प्लस प्लसमध्ये ‘व्हर्च्युअल’ असं आधी बजावलं नाही, तर नातवाच्या पोटात खरोखरच दोन आजोबा निघतात.

मी म्हटलं, अरे, हा तर आपला द्व्यामुष्यायण! भावाला मूल नाही म्हणून आपला मुलगा त्याला दत्तक द्यायचा, पण ‘हा दोघांचाही’ असं ठरवून. दोन्हीकडे वाटा, दोन्हीकडे पिंड, आजोबा मात्र एकच. गिरगावकर भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंडच्या खंड लिहिले ते अशाच गुंत्यांपायी. पुढे १९५६च्या दत्तक कायद्याने निकाल लावला: दत्तक गेलास की त्या घरचा. जावाला (भाषा म्हणतोय, भांडणाऱ्या नव्हेत) हे शहाणपण १९९५ साली सुचलं. एका क्लासला बाप एकच! आणि २०१४ साली त्याच जावाने इंटरफेसमधून आयता कोड मागल्या दाराने घरात घेतला.

"आणि हे मिक्सिन?"

अमेरिकेत समरव्हिलला स्टीव्हज नावाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. साध्या आइस्क्रीममध्ये गिऱ्हाईक म्हणेल ते चॉकलेट, बिस्किटं, दाणे कालवून देत. एमआयटीच्या लिस्पवाल्यांनी ते नाव उचललं. मिक्सिन म्हणजे एक छोटासा गुण. तो कुणालाही चिकटतो, पण स्वतः एकटा उभा राहत नाही.

त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? दादर स्टेशनाबाहेर उभं राहा. वडापावची सुकी लाल चटणी वड्याला चालते, समोशाला चालते, भजीपावालाही चालते. पण ‘एक प्लेट नुसती चटणी द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. चटणी वड्याचा बाप नव्हे. तिचं नाव शिधापत्रिकेवर लागत नाही की भाडेपावतीवर चढत नाही.

इथवर माझा जीव निवला होता. मग भाच्याने हळूच सांगितलं की पायथनमध्ये मिक्सिन असं वेगळं काही नसतंच. तोही साधा क्लासच, बापांच्याच रांगेत, त्याच कंसात बसतो. फक्त नावाच्या शेवटी ‘मिक्सिन’ लिहायचं. म्हणजे मल्टिपल इनहेरिटन्सच, पाटी बदललेलं! पागडीला ‘डिपॉझिट’ म्हणणारे आमच्या वाडीत कमी नाहीत, पण त्यांना कुणी आर्किटेक्ट म्हणत नाही.

दोन चटण्यांत एकाच नावाची मेथड निघाली तर? पायथनमध्ये सहसा डावीकडची जिंकते. रुबीत शेवटी घातलेली वर बसते. तक्रार कुणीच करत नाही. खाणाऱ्याला ठसका लागला की कळतं.

तरी साहेबाचं एक मला पटलं. चटणीने चटणीसारखं राहावं: स्वतःचं बिऱ्हाड थाटू नये, आजोबांच्या इस्टेटीत बोट घालू नये. एवढं पाळलं तर पाटी कुठली का असेना.

काल भाच्याचा फोन आला. कोड पास झाला. दोन बाप काढले, सात मिक्सिन घातले.

"आणि वडा?" मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता कीबोर्ड वाजत होता.