निळ्या हँडग्लोव्हजचं सोवळं

'लॅब सेफ्टी इन-चार्ज' या पदाला आमच्याकडे भत्ता नाही, फक्त बिल्ला आहे. पण तो मिळाल्यापासून मी खांदा कॉलनीत मेथीची जुडीसुद्धा ताठ मानेने घेते. एप्रन घालून बाजारात जायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे बिल्ला पर्सला लावावा लागतो. भाजीवाली मला बँकेतली समजते. असो.

नवीन पनवेलमध्ये सेफ्टीचा पहिला शत्रू म्हणजे जुलै महिना. "बंद बूट सक्तीचे" असं मी दारावर लाल अक्षरांत लावलं. स्टेशनपासून पाणी तुडवत आलेला एक पोरगा ते शांतपणे वाचून म्हणाला, "मॅडम, ओल्या बुटात करंट लागलेला बरा, की चपलेवर अ‍ॅसिड सांडलेलं?" समोर जेलच्या टाकीत शंभर व्होल्ट सोडलेले असताना हा प्रश्न वाटतो तितका वात्रट नाही. "दोन्ही नाही," असं मी करड्या आवाजात सांगितलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन स्वतःचे मोजे पिळले.

पण खरी गंमत इथिडियम ब्रोमाइडची. डीएनएच्या पट्ट्या नारिंगी चमकाव्यात म्हणून ते जेलमध्ये घालायचं, लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. ते जनुकांत बिघाड करू शकतं, म्हणून निळे हँडग्लोव्हज. ते चढवले की पोरांच्या अंगात आमच्या आजीचं सोवळं संचारतं. फरक एवढाच, की कशाला शिवलं की मोडतं हे आजीला पक्कं ठाऊक होतं. इथे त्याच निळ्या बोटांनी फ्रीजचं दार, पेन, जर्नल, चष्मा, आणि शेवटी जेलचा फोटो काढायला मोबाइल. मग घरून फोन येतो आणि तोच मोबाइल गालाला. हेच रसायन होमिडियम या नावाने आफ्रिकेत गुरांना औषध म्हणून टोचतात, किलोमागे एक मिलिग्रॅम. हे मात्र मी वर्गात सांगत नाही, धाक जाईल. ज्याचा धाक हवा तो यूव्हीचा दिवा सगळ्यांचा लाडका. ढाल बाजूला सारून पट्ट्या बघायच्या, आणि रात्री डोळे चोळत बसायचं.

हे सगळं मी भराभर उरकते, कारण मला चिमट्यावर यायचं असतं. चिमटा म्हटला की शेवटचा बाक पेनं ठेवतो. मॅडम आता परळला गेल्या, तासभर परत येत नाहीत, हे त्यांना माहीत आहे.

तर परळ. प्लेगने मुंबई ओस पडत असताना वाल्डेमार हाफकिनने भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. (इथे मी थांबून वर्गाकडे बघते. कुणीतरी जांभई देतं.) पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका परळवर आला आणि हाफकिनचं पद गेलं. मागाहून जे पुढे आलं ते इतकंच, की बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून मातीत पडला होता. तो ज्योतीवर तापवायला हवा होता. त्याने कार्बोलिकमध्ये बुडवला आणि काम चालू ठेवलं. रोनाल्ड रॉससारखे लोक हाफकिनच्या बाजूने भांडले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये डाग पुसला गेला. हाफकिन हिंदुस्थानात परतले ते कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

इथे माझा आवाज हमखास कापरा होतो. तो थोडा सरावाने आलेला आहे, हे मान्य. पण परवा हे सगळं सांगून झाल्यावर मागे बेसिनवर नळ चालू झाला. आमचे लॅब अटेंडंट मामा जेलचे ट्रे विसळत होते. उघड्या हातांनी. बोटांच्या पेरांना भेगा, नखं ब्लीचने पांढरी. पोरांनी काढून फेकलेले निळे हँडग्लोव्हज ते उघड्या हातानेच गोळा करून पिशवीत भरत होते. मुलकोवालला चिमटा पडला मदतनिसाच्या हातून आणि भोगलं साहेबाने. आमच्याकडे साहेब सुरक्षित. बीकर फुटला तर मामांनी फोडला, आणि काच वेचायची तीही मामांनीच. दारावरच्या माझ्या लाल अक्षरांत विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, पाहुणेसुद्धा आहेत. मामा कुठेच नाहीत.

मी जाड रबरी हातमोज्यांचा मागणीअर्ज टाकला. कार्यालयाचा शेरा आला : "मोलेक्युलर बायोलॉजीमध्ये भांडी घासतात काय? खुलासा करावा." मी बिल्ला लावून खुलासा करायला गेले. साहेबांनी बिल्ल्याकडे पाहिलं नाही, पण नॅकची समिती येणार असल्याने अर्ज मंजूर झाला.

हातमोजे आले. कोपरापर्यंत, नारिंगी, करकरीत. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले, पुन्हा घडी घातली आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले.

"अहो, घाला ना मामा!"

"घालतो की मॅडम," मामा म्हणाले, "समिती आली की घालतो."