अमावास्या, साडू आणि मेणबत्ती

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूरला कुणाकडे पाहुणा म्हणून जाऊ नये. घरी कुणी सापडत नाही. एरवी गंजगोलाईच्या चौकात सोळा रस्त्यांनी माणूस येऊन आदळतो. येळवशीला तेच सोळा रस्ते त्याला शेताकडे नेऊन सोडतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि ज्याला शेत नाही, तो शेतवाल्याचा नातेवाईक होतो. पुण्याचे आमचे साडू मुळातच नातेवाईक. यंदा मात्र ते नुसते जेवायला नव्हे, तर औसा तालुक्यातल्या मामांच्या शेतात ‘कॅम्पिंग’ला आले.

गाडीतून तंबू उतरला. मामांनी तंबूकडे पाहिलं, मग कडब्याच्या कोपीकडे पाहिलं.

“झोपायला ही हाय की.”

साडूंनी तंबूची किंमत सांगितली. मामांनी कोपीची सांगितली नाही. “उद्या मोडून म्हशीला घालता येती,” एवढंच म्हणाले.

कोपीत चुना फासलेले पाच दगड पांडव म्हणून बसले, पूजा झाली, पंगत बसली. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची चटणी आणि मातीच्या बिंदग्यातली आंबील. जेवण झाल्यावर टेकडीपर्यंत चालायचं साडूंच्या वेळापत्रकात होतं. पण पोटभर आंबील प्यालेला माणूस बसल्या जागीच कॅम्प करतो. साडू सूर्य मावळताना उठले, तेव्हा पोरं हेंडगा, म्हणजे पेटती मशाल, घेऊन ज्वारीभोवती धावत होती. त्या उजेडात शेजारचं शिवारही दिसलं.

हेंडगा विझला आणि साडूंनी आपला दिवा काढला. पितळी नळकांडं, वर काच, आत मेणबत्ती, तिच्या बुडाशी स्प्रिंग. मेण जळेल तसतशी स्प्रिंग मेणबत्तीला वर रेटते, त्यामुळे ज्योत काचेआड एकाच उंचीवर राहते. वाऱ्याची भीती नाही, एका मेणबत्तीत आठ तास.

मामांनी तो फिरवून फिरवून पाहिला. “स्प्रिंग झकास हाय. उजेड कुठाय?”

साडू दुखावले. जगानं उजेड मेणबत्तीवरच मोजला, म्हणाले. 1860 साली इंग्रजांनी कायद्यानं ठरवलं होतं: व्हेलच्या डोक्यातल्या मेणाची मेणबत्ती, एका पौंडात सहा बसणारी, तासाला 120 ग्रेन जळणारी, तिचा उजेड म्हणजे एक कँडलपॉवर. आजचं ‘कँडेला’ हे माप तिचंच वारस.

“म्हंजी ह्यो एका मेणबत्तीएवढाच उजेड हाय, हे कायद्यानं सिद्ध झालं,” मामा म्हणाले. मामी खिरीच्या पातेल्यात डाव शोधत होत्या. “दिसंना गेलंय काई,” असं म्हणून त्यांनी मामांची बॅटरी लावली. उजेड थेट विहिरीपलीकडच्या बाभळीवर पडला.

ती बॅटरी हौसेची नव्हे. शेतीपंपाची थ्री फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची असली की मध्यरात्री हरभऱ्याला पाणी द्यायला उठायचं, बांधावर साप, पिकात रानडुक्कर. त्याआधी चिमणी, कंदील आणि भारनियमन. ज्या मिणमिणत्या उजेडातून सुटायला मामांची पिढी जन्मभर धडपडली, तो साडूंनी ऑनलाइन मागवला होता. डिलिव्हरीचे पैसे वेगळे.

“तेवढा कोपीत आणू नका, कडबा हाय,” मामांनी बजावलं. तंबूच्या आतही तो लावायचा नव्हताच. कापड पेट घेतं आणि बंद तंबूत ज्योतीचा विषारी वायू साचतो. साडूंनी हरभऱ्याच्या कडेला तंबू ठोकला, बाहेरच्या काठीला दिवा टांगला आणि चांदण्या बघायला सगळ्यांना गप्प बसवलं. अमावास्येचं आभाळ खरोखर गच्च भरलं होतं. मामा पाचव्या मिनिटाला घोरू लागले.

मध्यरात्रीनंतर लाइट आली. स्टार्टरला ऑटो बसवलेला; मोटार आपोआप सुरू झाली, विहिरीवरचा बल्ब लखकन पेटला आणि हरभऱ्यातले स्प्रिंकलर टिक्‌टिक्‌ करत फिरू लागले. पहिली फेरी पिकावर, दुसरी तंबूवर. तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी पडलं. काच तडकली, ज्योत गेली. मामा बॅटरी घेऊन पाइप बदलायला निघाले, तर समोरून भिजलेले साडू.

“कोपीत वाकळ टाकून ठिवलीय,” मामा म्हणाले. “ऑटोला कळत न्हाई पाव्हणं आल्यालं.”

तरी निवाडा दिव्याच्या विरुद्ध नाही. एका मेणबत्तीत भोवतीच्या माणसांचे चेहरे दिसतात, डोळे दिपत नाहीत आणि गप्पा मोबाइलपेक्षा लांब चालतात. पुढच्या येळवशीला असा दिवा घेऊन जरूर या. उघड्यावर टांगा, कडब्यापासून लांब ठेवा, बॅटरीही सोबत असू द्या. तंबूचा पहिला खुंटा ठोकण्याआधी मात्र शेतमालकाला एवढंच विचारा: या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची?