लंडनचा कफल्लक

केन्सिंग्टनच्या पाच मजली घरात राहणारा हा गृहस्थ कागदोपत्री अगदी कफल्लक असतो. घर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या कंपनीचं, तिचे शेअर कुठल्याशा ट्रस्टचे आणि दारातली पिवळी लॅम्बोर्गिनी तिसऱ्याच कंपनीची. हा बिचारा तिथे नुसता राहतो! छप्पर गळायला लागलं, तर कागदावर सही करणार एक संचालक, ज्यानं ते छप्पर सोडाच, लंडनही पाहिलेलं नसतं. कंपनीचं मुख्यालय म्हणजे त्या बेटांवरच्या रोड टाउनमधला टपालाचा पत्ता. तोही शेकडो कंपन्यांत सामाईक, चाळीतल्या नळासारखा.

लोक म्हणतात, हा सगळा खटाटोप कर वाचवायला. मला तो इतका हिशेबी वाटत नाही. २०१३ साली ब्रिटिश सरकारनं कंपन्यांच्या नावावरच्या, २० लाख पौंडांहून महाग राहत्या घरांवर वार्षिक कर बसवला. मंडळी घाबरून घरं स्वतःच्या नावावर करून घेतील, असा होरा होता. पण पुष्कळांनी कर मुकाट्यानं भरला आणि सरकारची कमाई अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. नुसते पैसेच वाचवायचे, तर हा भुर्दंड कोण सोसेल? तेव्हा नाव लपवायचं असणार, म्हणावं, तर लपणारा माणूस पिवळी लॅम्बोर्गिनी घेत नाही. याला दिसायचं असतं, सापडायचं नसतं.

यात बेकायदा काय, असं तो विचारेल. बहुतेक वेळा काहीच नाही. माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि त्यांच्या पत्नीनं २०१७ साली लंडनमधली एक इमारत घेतली, ती तिची मालक असलेली परदेशी कंपनीच विकत घेऊन. ३,१२,००० पौंडांची स्टॅम्प ड्युटी लागली नाही आणि कायदाही मोडला नाही. जिवाला खरोखर धोका आहे, त्यानं पत्ता लपवला तर मीही त्याचीच बाजू घेईन. पण असा माणूस आपल्या दिवाणखान्याचे फोटो गुळगुळीत मासिकांना देत नाही. २०२२ पासून तिथे अशा कंपन्यांना खऱ्या मालकाचं नाव नोंदवावं लागतं; त्यावर आमच्या कफल्लकानं ट्रस्टचा पडदा आणखी पुढे ओढला.

भारतात राहून असं घर बाळगणाऱ्यांनी मात्र एवढं ध्यानात ठेवावं. २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली परदेशातलं घर विवरणपत्रात दाखवलं नाही, तर १० लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि ‘मालक मी नाही, कंपनी आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.