स्लॅबरावांस अनावृत पत्र

श्रीमान आर.सी.सी. स्लॅबराव,
मुक्काम : आमच्या डोक्यावर, नेकनूर, ता. जि. बीड

यांसी सप्रेम नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेमकुशल आहे, फक्त झोपलेलं कोणी नाही. परवा भावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. पाहुण्यांनी हॉलमध्ये उभं राहून फोटो काढले, "घर लई भारी झालं बरं का," म्हणाले. संध्याकाळी मांजरसुंब्याच्या बाजूनं धुरळा उठला, वावटळ आली, चार थेंब नावाला पडले आणि लाईट गेली. इन्व्हर्टरनं दोन पंखे जेमतेम फिरवले, मग त्यानंही मान टाकली. आणि तिथून आपण सुरू झालात. दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन आपण निवांतपणे आमच्या अंगावर सोडायला लागलात ते थेट पहाटेपर्यंत. दिवसा फोटो काढणारे पाहुणे रात्रीच उशा काखेत मारून एकेक करून बाहेर पडले आणि गेटसमोर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून आडवे झाले. मच्छर होते, कुत्री होती, पण वारा होता. आई कुणाला काही न बोलता उठली, मागच्या अंगाला उरलेल्या दोन खणांच्या माळवदात गेली, कांद्याचा ढीग थोडा सरकवला आणि घोरायला लागली.

ते दोन खण पाडायचे राहिलेत, कारण कांदा ठेवायचा कुठं? आपल्याखाली ठेवला तर सडतो. म्हणून आमच्याकडे अशी वाटणी झाली आहे : कांदा सडतो म्हणून तो माळवदात, आणि माणसं सडत नाहीत म्हणून ती आपल्याखाली.

आपला थाट मात्र मान्य करायलाच हवा. आपण आलात त्या दिवशी मिक्सरपुढं नारळ फुटला, खडी-वाळू-सिमेंटच्या घमेल्यांची रांग लागली, मजुरांना गोडाचं जेवण झालं. पुढं आपल्या अंगावर आळी करून पाणी साठवलं. एकवीस दिवस पाणी मारायचं, असा मिस्त्रीचा हुकूम. हा बीड जिल्हा आहे, स्लॅबराव. इथं उन्हाळ्यात बाया टँकरमागं घागरी घेऊन पळतात. त्या दिवसांत आम्ही विकतच्या टँकरनं आपल्याला आंघोळ घातली. इतकं पाणी प्यालेला माणूस थोडा तरी थंड झाला असता.

आपली जाडी भरून पाच इंच. आत सळयांची जाळी, खालून गिलाव्याचा हात. दुपारी चाळिशीपार गेलेलं ऊन आपण तासा-तासानं खाली उतरवत नेता आणि माणूस जेवून पाठ टेकायला जातो त्या वेळेला बरोबर पोचवता. शेजारच्या माळवदाची गंमत बघा. खाली सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर किलच दाटीनं बसवलेली, त्यावर पाला, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. हे सगळं मिळून फूट-दीड फूट. या मातीला ऊन आत न्यायची घाईच नसते. ते निम्म्यापर्यंत येतं तोवर दिवस बुडतो, वर गार वारा सुटतो, आणि आलेलं ऊन आल्या वाटेनं परत जातं. भर घालायला मधोमध साणं. तापलेली हवा आणि चुलीचा धूर तिथून वर जायचा, उजेडाचा एक चौकोन खाली यायचा, पाऊस आला की वरून झाकण. आपल्या हॉलमध्ये हवा बाहेर जायला कुठंही वाट नाही. वरच्या बाजूला झरोके ठेवू म्हटलं तर प्लॅन काढणारे म्हणाले, "त्यानं लूक जातो." लूक जाऊ नये म्हणून हवा कोंडली.

आपलं गणगोतही कमी नाही. स्लायडिंग खिडकी दोन पानी, पण उघडते एकच, म्हणजे निम्मा वारा कायमचा बाहेर. पीओपीच्या छतात जांभळे-हिरवे दिवे, त्यांच्याखाली जेवताना भाजीचा रंग कळत नाही. ओपन किचनमध्ये ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की टीव्हीसमोरचे सगळे खोकत उठतात. शहाबादी फरशीवर दुपारी नुसतं आडवं पडलं तरी झोप लागायची, आता चकचकीत टाइल्सवर पाणी सांडलं की म्हातारं माणूस थेट हाडाच्या डॉक्टरकडे. आणि आपल्या माथ्यावरची काळी टाकी! मे महिन्यात तिच्या नळाला रात्रीही हात लावून बघा. यातलं काहीही मी मनावर घेत नाही. ठेच्याला दार लावता येतं, टाइल्सवर चटई टाकता येते. आपल्यावर काय टाकणार?

आपल्यावरच रोख का, हे सांगतो. नेकनूरच्या रविवारच्या बाजाराला सकाळी लवकर निघा. वाटेत प्रत्येक गल्लीत नवी घरं दिसतील आणि प्रत्येक घरापुढं रात्री टाकलेल्या बाजा-सतरंज्या अजून तशाच. आत पाच-सात लाखांचं किंवा पंधरा-वीस लाखांचं घर, बाहेर माणसं. ज्यांच्याकडे एसी आहे ते आत, पण त्यांचंही सुख महावितरणच्या तारेला टांगलेलं. बाजारात बैलाची जोडी बघायला आलेला माणूस आधी विचारतो, गोठा कसा आहे? पाचट टाकलंय का वर? जनावराला ऊन लागू नये याची काळजी आम्हाला आहे, आणि ती बरोबर आहे. घरातल्या माणसांसाठी तेवढं कोणी विचारत नाही.

आणि ऊसतोडीची माणसं? त्यांचं सांगू का आपल्याला? दिवाळीच्या आगेमागे ती टोळीनं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. थंडीचे महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत काढतात. कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात, ते नेमके मार्च-एप्रिलच्या तोंडाला. म्हणजे ज्या महिन्यांत आपण सर्वांत जास्त तापता त्या महिन्यांत ती आपल्या खाली येतात. घरकुलात. सरकारच्या हिशोबानं ते 25 चौरस मीटरचं पक्कं घर, सपाट प्रदेशाला केंद्रानं ठरवलेलं अनुदान 1 लाख 20 हजार. त्यात वर आपण, नाहीतर आपला धाकटा भाऊ पत्रा, एक खिडकी, एक दार, आणि घरात तान्हं लेकरू. अरे, पाठ सोलून आलेल्या बाईला चार महिने तरी रात्री डोळा लागू दे ना! वर्षभरात झोपायला मिळतात तेच महिने तिचे. ज्या छताखाली झोपता येत नाही त्याला पक्कं ठरवणारा कोण? आणि घरकुल मंजूर करताना फोटो काढतात तो कधी? दिवसा. रात्री अकराला येऊन काढा म्हणावं एक फोटो!

असो. पत्राला शिस्त हवी.

आता जे लिहितो ते आपण कुणाला सांगू नका. आपली बाजू मला माहीत आहे. 1993 साली 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं गाढ झोपेत होती. सुमारे 10 हजार माणसं गेली. आमच्या इथं, शंभरावर किलोमीटर अंतरावर, भांडी पडली, गुरं ओरडली आणि पुढं कित्येक दिवस अख्खं गाव अंगणात झोपलं. लोकांनी बघितलं काय? दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरचं माळवद, तेच माणसांच्या उरावर. त्या दिवसापासून मराठवाड्यातल्या घराघरात एकच मागणी सुरू झाली, "स्लॅब पाहिजे." आपण त्या मागणीवर आलात. भीतीवर आलात. ते आपलं पुण्य मी हिरावून घेणार नाही.

आणि बायकांचं? मृगाच्या आधी डोक्यावर पांढऱ्या मातीच्या पाट्या घेऊन शिडीनं वर कोण चढायचं? रात्री मुसळधार पावसात पातेली-परात घरभर मांडून ठिबक कोण झेलायचं? डाळीत पडलेला मातीचा खडा, भिंतीतून निघालेला विंचू, सारवलेल्या जमिनीवर पुन्हा सारवण. आईनं आपल्याला पहिल्या पावसात बघितलं, हात वर करून आपल्या पोटाला लावला आणि म्हणाली, "कोरडं हाय." एवढ्या एका वाक्यात तिचे चाळीस पावसाळे मिटले. कांद्यापाशी जाऊन झोपणारीही तीच. स्लॅबराव, आपल्यावर राग धरणं अवघड जातं ते या बाईमुळे.

पण किल्लारीनं जे शिकवलं त्यातलं अर्धंच आम्ही उचललं. माणसं गेली ती माळवदाला माती होती म्हणून नव्हे, दरवर्षी थरावर थर चढवून तो भार फुटांच्या हिशोबात वाढवत नेला म्हणून. भिंतीच्या दोन अंगांना एकत्र बांधणारा आरपार दगड घातलेला नव्हता म्हणून. काही घरांत तर भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला. म्हणजे माती हलकी ठेवा, भिंत बांधून घ्या, कोपरे जखडा, एवढं सांगायचं होतं. सांगितलं गेलं ते असं की माती वाईट, सिमेंट चांगलं. पुढं पुण्याच्या फ्लॅटचा नकाशा उचलला आणि बालाघाटाच्या माथ्यावर तसाच ठेवला. फ्लॅटमधल्या माणसाच्या डोक्यावर निदान वरच्याचं घर असतं. आमच्या डोक्यावर आपण, आणि आपल्यावर थेट सूर्य.

यात आपला दोष किती? आपल्याला कुणी चुन्याचा एक हात मारला नाही. वीटकोब्याचा थर घालून वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवली असती तर आपणही माणसासारखे वागला असता. चार वाश्यांवर तुराट्यांचा मांडव टाकला असता तरी फरक पडला असता, तुराट्या शेतात फुकट पडल्यात. पैसे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. पुढच्या भिंतीला एलिव्हेशन म्हणून डिझाइनचे खांब आहेत, त्यांच्यावर काहीही टेकलेलं नाही. त्यांना पैसे पुरले. आपल्याला उघडं टाकून, तापवून, वर आपल्याच नावानं शंख करणारे आम्ही. आपण बिचारे दिवसभर उन्हात उभे, रात्री सगळ्यांच्या शिव्या.

तरी एक विनंती. पुढच्या रविवारी बाजारातून चुना आणतो आहे. भाऊ म्हणतो, पांढरा स्लॅब वरून बरा दिसत नाही. वरून बघतं कोण, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही. आपण चुना लागू द्यावा, लगेच पोपडे धरू नयेत.

कळावे, लोभ असावा, पण अंगाला अंग लावून नको.

आपल्याखालचा,
एक भाडं न देणारा भाडेकरू

ता. क. : आपल्या डोक्यातून कॉलमच्या सळया वर निघाल्यात, त्यांचा विषय काल घरात निघाला. ठेकेदार म्हणतो, वर एक मजला चढवा, खालचा आपोआप गार पडेल. भावाला पटलंय. वरच्या मजल्यात झोपायचं कोणी, असं मी विचारलं, तर दोघंही धाकट्या भावाकडे बघायला लागले. त्याचं अजून लग्न व्हायचं आहे.