माढ्यातल्या घरी लिंबाची कुकी: कार्यपद्धती व दक्षता

कुकीची कुठलीही कृती उघडा, पहिली अट एकच असते: लोणी खोलीच्या तापमानाला आणून घ्यावं. ही अट घालणाऱ्याची खोली 20 अंशांची असते आणि खिडकीबाहेर बहुधा पाऊस पडत असतो. माढ्यातल्या पत्र्याच्या खोलीचं एप्रिल-मेमधलं तापमान हा वेगळा विषय आहे. सोलापूर जिल्ह्यात त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि लोणी तर 32 ते 35 अंशांतच हातपाय गाळतं. तेव्हा आपल्याकडे लोणी खोलीच्या तापमानाला आणायचं नसतं, खोलीपासून वाचवायचं असतं. प्रस्तुत मार्गदर्शन या एका दुरुस्तीवर उभं आहे.

काम पहाटे साडेचारला सुरू करावं. या वेळी लोणी बोटाने दाबलं तर खळगा पडतो, पण बोटाबरोबर वर येत नाही. नेमकं असंच लोणी हवं. त्यात साखर फेटली की हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, भाजताना ते फुगतात आणि कुकी खुसखुशीत होते. वितळलेलं लोणी हवा धरत नाही. त्याच्या कुकीज ताटलीत पसरत पसरत एकमेकींना भेटतात आणि शेवटी एकच कुकी उरते, ताटलीच्या आकाराची.

उजाडायच्या आत आटोपलं नाही तर गोळा फ्रीजमध्ये ठेवावा, असं कृतीत पुढे लिहिलेलं असतं. फ्रीजमध्ये जागा असते हे त्यामागचं गृहीतक. आपल्या फ्रीजमध्ये विरजणाचं पातेलं, मोड आणायला बांधलेली मटकी, लग्नाहून आणलेला गजरा आणि गाभण गाईच्या औषधाची बाटली असते. यातलं काहीही हलवायचं तर घरातल्या तीन पिढ्यांची संमती लागते. ती आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, सगळे जरा सुस्तावलेले असताना घ्यावी.

लोणी कोणतं, हाही प्रश्न आहे. दुकानातलं पिवळं लोणी खारं असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ घालू नये. बिनमिठाचं मागितलंत तर दुकानदार आवाज उतरवून विचारतो, ‘घरात कोण आजारी आहे का?’ घरचं पांढरं लोणी उत्तम, पण त्यात ताक दडलेलं असतं. थंडगार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, फडक्यात बांधून ते निथळून घ्यावं. दुकानातल्या लोण्यात निदान 80 टक्के स्निग्धांश असावाच लागतो. घरच्या लोण्याला असला कायदा लागू नाही. तूप वापरायचं झालं तर पाचव्या हिश्श्याने कमी घ्यावं, कारण तुपात पाणी नसतं. मात्र तूप घातलंत की तुम्ही कुकी करत नसून नानकटाई करत आहात, याची नोंद असावी. हा वाद पुढे येणारच आहे.

आता लिंबू. कृतीतला सगळ्यात नाजूक आणि सामाजिकदृष्ट्या सगळ्यात जोखमीचा टप्पा हाच.

परदेशी कृतीत ‘एका लिंबाची किसलेली साल’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. त्यांचं लिंबू जाड सालीचं आणि आपल्या दोन-तीन लिंबांएवढं. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की त्याच जागी किसणी दुसऱ्यांदा फिरली, तर खालचा पांढरा पापुद्रा लागतो आणि तो कडू असतो. म्हणून एका जागी किसणी एकदाच लावायची आणि लिंबू फिरवत राहायचं. एवढी उस्तवार करायची कारण वास सालीतल्या तेलात असतो, रसात नव्हे. रसात आंबटपणा आणि पाणी. हौसेने वाटीभर रस ओतला तर कुकी चिवट होते आणि वासही येत नाही. तेव्हा सहा लिंबांची साल आणि रस फक्त एक चमचा. कीस साखरेत टाकून बोटांनी चोळावा. साखरेचे कण सालीतलं तेल ओढून घेतात. साखर ओलसर, पिवळट झाली आणि माजघरातून कुणी ‘सरबत केलंय का?’ असं विचारलं की थांबावं.

सहा लिंबं हा आकडा उन्हाळ्यात मोठ्याने उच्चारू नये. आंबे बहाराची लिंबं पावसाळ्यात येतात, मृगाची हिवाळ्यात. ऐन उन्हाळ्यात लिंबू हवं तर हस्त बहार साधावा लागतो, आणि तो धरायला पावसाळा सरताना बागेला ताण द्यावा लागतो. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येऊन ताण मोडतो. एप्रिल 2022 मध्ये तर एका लिंबाला दहा-दहा रुपये मोजावे लागत होते. जुलैत तीच लिंबं पोत्यांनी उतरतात आणि बागवाल्याला तोडणीची मजुरी सुटण्याची मारामार होते. शहाण्याने ही कुकी जुलैत करावी. लोणीही तेव्हा जरा माणसात असतं. पण सरबताचे दिवस सरल्यावर लिंबाची आठवण कुणाला येते? म्हणून हे मार्गदर्शन उन्हाळ्याचंच आहे.

किसलेली लिंबं ओट्यावर मांडून ठेवू नयेत. साल उतरलेली सहा पांढुरकी लिंबं, शेजारी पिवळी साखर, बाहेर अजून अंधार. अशात विरजणाला ताक मागायला काकू येतात आणि उंबऱ्यातच थबकतात.

‘काय करायलीस गं?’

‘बिस्किटं, काकू.’

‘लिंबाची?’

‘लिंबाची.’

‘आज अमावस्या हाय, ठावं हाय न्हवं?’

कालनिर्णय आधी बघावं, ते यासाठी.

साखरेला तालुक्यात तोटा नाही, पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे कारखानाच आहे. अडचण दाण्याची. एम-30 दाणा चहात शोभतो, कुकीत तो दाताखाली कचकन लागतो. मिक्सरमधून जराशी फिरवावी, पण पार पीठ करू नये, नाहीतर साल चोळायला दाणाच उरत नाही. 200 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम लोणी, 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. अंड्याची गरज नाही, त्यामुळे एकादशी सोडून केव्हाही चालेल. मैद्यातला तिसरा हिस्सा काढून तिथे ज्वारीचं पीठ घातलं तर कुकी आणखी ठिसूळ होते, आणि घरातले ज्येष्ठ ‘निदान ज्वारी तरी हाय’ म्हणून हात पुढे करतात. मालदांडी असेल तर प्रश्नच मिटला.

पीठ गोळा करावं, मळू नये. हे वाक्य माढ्यात तीनदा वाचून दाखवावं लागतं. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीचं पीठ तळहाताने रगडून रगडून मळावं लागतं. तशी सवय इथल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्यांची. मैद्याचं उलट आहे. त्याला रगडलं की त्यातला चिकटपणा जागा होतो आणि कुकी दाताला ऐकेनाशी होते. काकू मदतीला बसल्याच तर त्यांना लिंबं पिळायला द्यावीत.

ओव्हन दीड-दोन हजार वॅट मागतो, आणि लाईट असली तरी व्होल्टेज असतंच असं नाही. वस्तीवर ओव्हन लावला की पंख्याचा वेग बघून किती अंश झाले ते ओळखता येतं. त्यापेक्षा जुना कुकर बरा. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर कडी, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली, आणि पाण्याचा थेंब नाही. दहा मिनिटं तापवून आत ताटली ठेवावी आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजावं. ओव्हनच असेल तर 170 अंशांवर तेरा-चौदा मिनिटं. कडा बदामी झाल्या की बाहेर. या वेळी कुकी मऊ असते आणि गार झाल्यावरच कडक होते, हे कुकीला ठाऊक असतं, सासूबाईंना नसतं. त्या बोटाने दाबून ‘कच्ची हाय’ म्हणतात आणि ताटली परत आत जाते. दुसऱ्यांदा ती बाहेर येते तेव्हा कुणी काही बोलत नाही.

आता तो वाद. माढ्यात पूर्वापार बिस्किटं होतच होती, फक्त ती घरी होत नव्हती. दिवाळीच्या तोंडावर किंवा मे महिन्यात मैदा, साखर, डालडा आणि पत्र्याचा डबा घेऊन भट्टीवर नंबर लावायचा. पाव निघून गेलेल्या भट्टीच्या उरल्या धगीत नानकटाई भाजली जायची, आणि डब्यावर खडूने नाव असूनही डबा बदलायचाच. दुसऱ्याच्या डब्यातली बिस्किटं नेहमी जास्त खुसखुशीत निघत, त्यामुळे तक्रार एकाच बाजूने व्हायची. मग पुण्याला नोकरी लागलेल्या भाच्याने कयानी बेकरीतली श्रूजबरी आणायला सुरुवात केली आणि भट्टीच्या बिस्किटाला घरात कमीपणा आला. इंग्लंडातल्या जुन्या श्रूजबरीत लिंबाची साल पडायची. म्हणजे लिंबाची कुकी आपल्याकडे नवी म्हणून आली, ती मुळात भाच्याच्या खोक्यातल्या बिस्किटाची थोरली बहीण.

मग अस्सल कोणती? माढ्याने या प्रश्नाला बिचकू नये. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी विठ्ठलाची मूर्ती इथे हलवली गेली आणि मूळ मूर्ती माढ्यातलीच, असं रा. चिं. ढेऱ्यांनी मांडलं; त्यावर केवढी चर्चा झाली. पंढरपूरची वारी चालूच आहे, माढ्याचं देऊळही आहे. एवढा मोठा प्रश्न ज्या गावाने शांतपणे सांभाळला, त्याला कुकी की नानकटाई हे ठरवायची घाई नसावी. माझं मत विचाराल तर भट्टीतल्या लाकडाच्या धुराचा वास कुकरमधल्या मिठाला येत नाही, आणि लिंबाच्या सालीचा वास डालड्यात टिकत नाही. दोन्ही डबे भरलेले असावेत.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. कोमट भरल्या तर वाफ धरून मऊ पडतात. डब्यावर ‘मेथीदाणा’ असं लिहावं. लहान मुलं उघडत नाहीत, मोठी माणसं उघडतातच.

राहिली सोललेली लिंबं. साल गेल्यावर ती एका दिवसात सुकतात, आणि सालीशिवाय लोणचं नाही. त्यामुळे त्याच दिवशी सरबत करावं आणि पिळलेल्या फोडींनी देवघरातली तांब्याची भांडी घासून काढावीत. एखादं तरीही उरलं तर ते चौकात, तिठ्यावर किंवा कुणाच्या कुंपणापलीकडे टाकू नये. आपल्याच परसात, दिवसाउजेडी आणि काकूंच्या देखत पुरावं, आणि पुरताना त्यांच्या हातावर एक कुकी ठेवावी.