जावईबापू, 'कायमचं' तेवढं सोडून बोला

श्री. जावईबापूंस,
 

पत्र खुलं लिहितो आहे. बंद पाकिटात घातलं असतं तर ते आधी आमच्या लेकीने उघडलं असतं, लगोलग आईला फोन लावला असता आणि दुपारचं ताट मला माझ्या हाताने वाढून घ्यावं लागलं असतं. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. छापून बोलायला मात्र कोणी बंदी घातलेली नाही.

गेल्या अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आपण आलात. घर भरून गेलं. रीतीप्रमाणे तेहतीस अनारशांचं ताट आपल्यापुढे ठेवलं. त्यातले किती उरले हे विचारायची आमची प्राज्ञा नाही. हात धुता धुता आपण म्हणालात, "मामाजी, दुकानातल्या कॉम्प्युटरवर जरा मॅच बघतो." मी चावी दिली. जुने लोक जावयाला दहावा ग्रह का म्हणत, ते मला त्या दुपारपर्यंत नीट कळलं नव्हतं. बाकीचे नऊ निदान पुढच्या राशीला सरकतात.

आता दुकानाबद्दल. दारव्हा रोडवरचं हे दुकान पूर्वी टायपिंग क्लास होतं. टाइपरायटरला फार तर 'ळ' अडकण्याचा आजार व्हायचा, तो तेलाच्या थेंबाने बरा होई. आता तिथे सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, एमआयडीसीतल्या पोरांचे पीएफचे फॉर्म असं सगळं चालतं. लोक आधार कार्ड, पासबुक आणि अंगठा घेऊन येतात आणि निर्धास्त माझ्या टेबलावर ठेवतात. म्हणून त्या मशीनवर मी ब्राउझरमध्ये नोस्क्रिप्ट नावाचं एक्स्टेन्शन टाकून ठेवलेलं आहे. आपण त्याला "ते फालतू लाल चिन्ह" म्हणालात. ते फालतू चिन्ह जॉर्जो माओने नावाचा एक इटालियन माणूस २००५ पासून सांभाळतो आहे, आणि ओळख लपवून फिरू पाहणाऱ्यांसाठी बनवलेल्या टॉर ब्राउझरमध्ये ते मुळातच बसवलेलं असतं. असो. आपल्याला मॅचची घाई होती.

हे एक्स्टेन्शन करतं काय, तर दारावर बसतं. कुठलीही साइट उघडली की ती आपल्याबरोबर दहा-वीस ठिकाणचे प्रोग्रॅम आत आणू पाहते. हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. लग्नात आपल्याकडून ऐंशी वऱ्हाडी ठरले होते आणि पंगतीला दोनशे चाळीस बसले. नवरदेव ओळखीचा, त्याच्यामागे कोण कोण आहे ते देव जाणे! साइटचंही तसंच. नाव एकाचं, मागून जाहिरातवाले, नजर ठेवणारे, कुणाच्या कुणाचे मावसभाऊ. नोस्क्रिप्ट या सगळ्यांना दारात उभं करून एकेकाचं नाव यादीत दाखवतं आणि विचारतं, याला सोडू का?

सोडायचे प्रकारही त्याने सांगून ठेवलेत. 'टेम्पररी ट्रस्टेड' म्हणजे आजच्यापुरता. ब्राउझर बंद झाला की परवानगी संपली. आपल्या एमआयडीसीच्या गेटवर वॉचमन पाहुण्याला चिठ्ठी देतो आणि संध्याकाळी ती परत घेतो, तसं. 'ट्रस्टेड' म्हणजे कायमचा. 'अनट्रस्टेड' म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि 'कस्टम' म्हणजे ओसरीपर्यंत ये, स्वयंपाकघरात नको: व्हिडिओ चालेल, स्क्रिप्ट चालणार नाही, किंवा अमुक साइटवर असशील तरच चालेल, दुसरीकडे नाही. इतकी बारीक सोय आमच्या घरातही नाही.

आपण उघडलीत ती फुकटात मॅच दाखवणारी कुठलीशी साइट. व्हिडिओच्या जागी 'एस' अक्षराचा चौकोन दिसला. आपण त्याला कायमची परवानगी दिलीत. मॅच लागली नाही. मग यादीतल्या दुसऱ्या नावाला कायमची, तिसऱ्याला कायमची. शेजारी घड्याळाचं छोटं चिन्ह होतं, ते दाबलं असतं तर प्रकरण त्या दुपारीच मिटलं असतं. पण जावई घड्याळाकडे बघत नाहीत, हे आम्हाला आपण मुक्काम वाढवलात तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटी कंटाळून आपण ते रामबाण बटण शोधून काढलंत: सगळीकडची बंधनं उठवा. त्यापुढे कंसात 'धोकादायक' असं लिहिलेलं असतं. कंसातलं आपल्याकडे लग्नपत्रिकेतही कोणी वाचत नाही. मग त्या साइटने विचारलं, तुम्हाला सूचना पाठवत जाऊ का? हा प्रश्न नोस्क्रिप्टचा नव्हता, खुद्द ब्राउझरचा होता, म्हणजे दुसरं दार. तिथेही आपण उदार मनाने 'हो' म्हणालात. मॅच बघितलीत, अनारशांचा डबा घेतलात आणि गेलात.

चार दिवसांनी अकोला बाजारकडचे एक काका सातबारा काढायला आले. त्यांचा गट नंबर टाकला, उतारा उघडला, आणि त्याच्या बरोबर वर एक नाचणारी बाई येऊन उभी राहिली. काकांनी चष्मा सरळ केला, बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, हे बाई कोन होय? आमच्या वावरात तं अशी कोनी हिस्सेदार नाई."

दुकानातली सगळी माणसं हसली. मी हसलो नाही. कारण पुढच्याच मिनिटाला कोपऱ्यात पाटी झळकली की तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब इथे दाबा. आणि टेबलावर काकांचं पासबुक उघडं पडलेलं होतं.

आपण म्हणाल, एवढं काय झालं, काढून टाका परवानगी. जावईबापू, सातबाऱ्यावर नाव चढायला किती वेळ लागतो आणि उतरायला किती, हे यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने विचारू नये. कायमच्या परवानगीतली मेख अशी, की ती नावाला दिलेली असते. नाव तिथेच राहतं, त्यामागचा मालक बदलतो, आणि फेरफाराची नोटीस कोणी देत नाही.

माझं ऐकू नका, पण हे ऐका. खुद्द नोस्क्रिप्टच काही साइटना जन्मतः विश्वासू मानून येतं, लोकांची रोजची कामं अडू नयेत म्हणून. २०१५ साली मॅथ्यू ब्रायंट नावाच्या संशोधकाने ती यादी वाचून काढली. यादी वाचणारी माणसं जगात असतात, यावर आपला विश्वास बसणार नाही. त्यात झेंडसीडीएन डॉट नेट असं एक नाव होतं. ते नाव कोणाच्याच मालकीचं उरलं नव्हतं, विक्रीला मोकळं होतं. त्याने ते १०.६९ डॉलरला विकत घेतलं. तेव्हाच्या भावाने सातशे रुपयेसुद्धा नाहीत. तेवढ्या पैशात तो यादी जशीच्या तशी ठेवलेल्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये वॉचमनच्या सलामासकट आत जाऊ शकत होता. माणूस भला निघाला, त्याने कळवलं, माओनेंनी ते नाव लगेच काढलं. मग दुसऱ्या एकाने दाखवून दिलं की यादीत गूगलचा एक अख्खा पत्ताच विश्वासू ठरवला होता आणि त्याच आडनावाच्या एका कोठीत कोणीही आपली फाइल आणून ठेवू शकत होता. म्हणजे पाटलांच्या एका मुलावर विश्वास ठेवायचा होता, आपण ठेवला पाटील आडनावावर. तेही मग दुरुस्त झालं. दाराचा रखवालदारच जिथे जुन्या यादीने फसतो, तिथे आपण एका दुपारीत केलेली यादी काय दर्जाची असेल?

२०२४ चं प्रकरण याहून वाईट. पॉलिफिल डॉट आयओ ही जुन्या ब्राउझरांना मदत करणारी सज्जन सोय होती. लाखाहून जास्त साइटनी तिला आपल्या घरात कायमची जागा दिलेली होती. त्या वर्षी फेब्रुवारीत ते नाव फननल नावाच्या चिनी कंपनीकडे गेलं. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसानेच तेव्हा सांगितलं होतं, काढून टाका. कोणी काढतं होय! जूनमध्ये उघड झालं की त्या सज्जन सोयीतून मोबाइलवाल्या वाचकांना सट्ट्याच्या साइटकडे हाकललं जात होतं. साइटवाल्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि तोच त्यांचा गुन्हा होता.

एवढ्या लांबचं नको असेल तर आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, कारंजा, दारव्हा करत यायची ती नॅरोगेज गाडी. वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला इंग्रजी अमलात किलिक निक्सन कंपनीने घातलेली. इंग्रज गेले, देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही लाइन मात्र जुन्या करारात तशीच राहून गेली. इंजिन आपलं, ड्रायव्हर आपला, प्रवासी आपले, मालकी कंपनीची. आपल्या आजोबांच्या पिढीने तिच्यातून वरात नेली असेल आणि रुळांचा मालक कोण हे एकालाही ठाऊक नसेल. कायमची परवानगी दिसायला अशीच असते. सगळं चालू असतं, म्हणून कोणी कागद काढून बघत नाही.

असो, शकुंतलेवरून मी भरकटतो, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे.

त्या रात्री दुकान बंद करून मी नोस्क्रिप्टची सेटिंग उघडली. त्यात साइटवार परवानग्यांचं एक पान आहे, सगळी नावं एकाखाली एक. आधी सगळीकडची बंधनं परत लावली. मग आपण बसवलेली पाहुणेमंडळी शोधली. आपण खाल्लेल्या अनारशांहून ती जास्त भरली, आणि ही गोष्ट मी तुलनेसाठी नव्हे, कौतुकाने सांगतो. एकेकाला 'डिफॉल्ट'वर आणलं, नाचऱ्या बाईच्या माहेरच्या मंडळींना 'अनट्रस्टेड' केलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली सूचनांच्या परवानग्या वेगळ्या असतात, तिथून पाच व्हायरसवाला काढला. रात्रीचे बारा वाजले. हिने दोनदा हाक मारली, "जावयाने काही बिघडवलं नाही ना?" मी सांगितलं, "नाही, नाही. जावयाने कसं बिघडेल?"

खरं बोलायचं तर त्या यादीत मला लाज आणणारी नावंही सापडली, आणि ती आपली नव्हती. कधीकाळी रिचार्ज करायला वापरलेली, आता बंद पडलेली एक साइट. मुलीच्या लग्नाच्या वेळी फोटो बघायला उघडलेली एक. कुठल्या तरी निकालाच्या दिवशी दारात पोरांची रांग लागली असताना वैतागून सोडलेली तीन-चार. सगळी कायमची, सगळी माझ्या हाताने. रांग असते, लाइट जाणार असते, माणूस हाताला येईल ते बटण दाबतो. बनवणाऱ्यांनीही 'आजच्यापुरता' आणि 'कायमचा' ही दोन बटणं बोटभर अंतरावर ठेवली आहेत, ते घड्याळ तर साठीतल्या डोळ्यांना दिसतही नाही. हे मी आपल्या बचावासाठी लिहीत नाही, माझ्यासाठी लिहितो आहे. आपला बचाव आपली सासू करते आहे, आणि ती कोर्टात उभी राहिली तर भल्याभल्या वकिलांना ऐकणार नाही.

तर आता दुकानात नवी व्यवस्था आहे. कोणतीही साइट अडली की आधी तिच्या स्वतःच्या नावाला आजच्यापुरतं सोडायचं, पान पुन्हा उघडायचं, चाललं तर बाकीच्यांना दारातच ठेवायचं. नाही चाललं तर यादीतला पुढचा एक. एका वेळी एकच, पंगतीत घुसल्यासारखे दहा नाहीत. जिथे रोज काम पडतं आणि पत्ता तोंडपाठ आहे, अशा मोजक्या सरकारी आणि बँकेच्या साइटच कायमच्या. दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं देतो त्याच दिवशी, मी ती यादी वाचतो. भाडं मागायला मालक येतो, यादी वाच म्हणून कोणी येत नाही, म्हणून दोन्ही एका दिवशी ठेवलं. यादीची एक प्रत बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. आपण पुन्हा आलात तर पाच मिनिटांत पूर्ववत करता येईल. काका परवा परत आले होते, दुसऱ्या गटाचा उतारा न्यायला. कागद हातात घेण्याआधी त्यांनी स्क्रीन नीट निरखून घेतली. "गेली का ते?" म्हणाले. मी म्हटलं, गेली. "नाव कमी केलं ना पक्कं?" पक्कं, म्हटलं. मग त्यांनी पासबुक टेबलावर ठेवलं.

जावईबापू, आम्ही आयुष्यात विचार करून दिलेली कायमची परवानगी एकच, तीही हॉलमध्ये अक्षता टाकून, चारशे लोकांसमोर. ती परत घ्यायची सोय कुठल्या सेटिंगमध्ये आहे हे मी शोधलेलं नाही, आणि हे वाक्य आमच्या लेकीला वाचून दाखवावं.

दिवाळीला जरूर या. चार दिवस रहा, आठ रहा. आपल्यासाठी कॉम्प्युटरवर 'पाहुणे' नावाचं वेगळं खातं उघडून ठेवलं आहे. त्यात मॅच दिसेल, दुसरं काही दिसणार नाही. करंज्यांचा डबा नेहमीच्या फडताळात असेल, त्याला कुलूप नाही. माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला आहे. तो सासूबाईंना विचारू नये, त्यांनाही सांगितलेला नाही.

आपला,
मामाजी
दारव्हा रोड, लोहारा, जि. यवतमाळ