रोनाल्डो आला नाही, आम्ही जातोय

क्रिस्तियानो रोनाल्डो फातोर्ड्याला आला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात अल नस्रचा लवाजमा रियाधहून गोव्यात उतरला, आशियाई स्पर्धेचा सामना झाला, एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने एक गोलही मारला, गोवा १-२ असा हरला. आणि ज्याच्या वाटेकडे निम्मा गोवा डोळे लावून बसला होता, तो घरीच राहिला. परगावच्या सामन्याचा कंटाळा एवढ्या मोठ्या माणसालाही येतो म्हणायचा! मुंबई सिटीचे आम्ही पाठीराखे मात्र एफसी गोवाविरुद्धच्या सामन्यासाठी मडगावच्या फातोर्ड्याला जाणार. पगार नाही, विमान नाही, मालिशवाला नाही. कोकण रेल्वेचं आरएसी आहे, म्हणजे साइड लोअरच्या एका बर्थवर दोन बचावपटू, पाय दुमडून.

सामन्याआधीचा आढावा घेताना जाणकार संघरचना सांगतात, दुखापती सांगतात, कोण फॉर्मात आहे ते सांगतात. सांगू देत. स्वखर्चाने जाणाऱ्याचा आढावा तिकिटाच्या खिडकीवर सुरू होतो, आणि बहुतेकदा तिथेच संपतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ते १२० दिवस आधी उघडायचं, पण तेवढी दूरदृष्टी आपल्या फुटबॉलला झेपण्यासारखी नव्हतीच. २०२५ च्या जुलैत आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा हंगामच अडकवून ठेवला, कारण महासंघाबरोबरच्या कराराचं पुढे काय होणार, याचा पत्ता नव्हता. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग २०२६ चा फेब्रुवारी उजाडल्यावर सुरू झाली. मधल्या काळात महासंघ बसला, क्लब बसले, मंत्रालय बसलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. या सगळ्या बैठकांना एकाच माणसाला बोलवायचं राहिलं: ज्याला मडगावचं तिकीट काढायचं होतं.

सामन्याची तारीख कळेपर्यंत स्लीपर संपलेला असतो आणि एसी थ्री-टायरचं वेटिंग तीन आकड्यांत गेलेलं असतं. उरतं ते तत्काळ. आदल्या दिवशी सकाळी दहाला एसी, अकराला स्लीपर. पेनल्टी घेणाऱ्याच्या पायाकडे गोलकीपर पाहत नसेल इतक्या एकाग्रतेने आमची पोरं मोबाइलवरच्या त्या फिरणाऱ्या चक्राकडे पाहतात. चक्र थांबतं तेव्हा पैसे गेलेले असतात, तिकीट आलेलं नसतं.

तरी जाणं त्यातल्या त्यात सोपं. रात्री अकरानंतर सीएसएमटीहून कोकणकन्या पकडावी, सकाळी दहाच्या सुमारास मडगाव. मांडवीने जाऊ नये. ती सकाळी सातला निघते आणि मडगावात शिरते तेव्हा संध्याकाळचे सात होत आलेले असतात; शिवाय दिवसभर पँट्रीतून इतकं खायला येतं की घोषणा द्यायला पोटात हवा उरत नाही. वंदे भारत झकास आहे, दुपारी जेवायच्या वेळेला पोचवते. पण शुक्रवारी धावत नाही, आणि चेअरकारमध्ये ढोल कुठे ठेवायचा यावर टीसीशी दर वेळी नवी चर्चा होते.

‘रोडने जाऊ रे’ म्हणणारा एक वीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला फक्त कालगणना ऐकवावी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. मुंबई सिटी हा क्लब त्यानंतर, २०१४ मध्ये जन्माला आला. त्याने दोन चषक आणि दोन शील्ड जिंकल्या. मँचेस्टर सिटीवाले मालक २०१९ मध्ये आले आणि २०२५ च्या अखेरीस निघूनही गेले. महामार्गाचं काम मात्र अजून चालूच आहे.

घरी काय सांगायचं, हा त्याहून नाजूक प्रश्न. नव्वद मिनिटांसाठी जवळजवळ सहाशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, हे कुठल्याही मराठी आईला पटवता येत नाही. पण आपल्याकडे एक हुकमी पत्ता आहे, जो लिव्हरपूल-मँचेस्टरवाल्यांच्या हातात कधीच येणार नाही: कुलदैवत. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, मार्दोळची म्हाळसा. मुंबईतल्या कितीतरी घरांची कुलदैवतं फोंडा तालुक्यात बसली आहेत, आणि फोंड्याहून फातोर्डा तासाभराच्या आत. ‘देवीला जाऊन येतो’ म्हटलं की आई स्वतः ओटीचं सामान काढून देते, वर अभिषेकाचे पैसे. सकाळी अभिषेक, दुपारी प्रसादाचं जेवण, संध्याकाळी ईस्ट स्टँड. अडचण एकच. देवी यजमानांच्या गावची. तिच्यासमोर उभं राहून मुंबईच्या विजयाचा संकल्प सांगायचा, तर ‘परग्रामविजयप्राप्त्यर्थम्’ एवढं म्हणून मोकळं व्हावं. कुणाचं परग्राम, ते गुरुजींना विचारू देऊ नये.

आता खेळाचं बघू. फातोर्ड्याच्या वहीत आमची पहिली पानं लाल शाईची आहेत. १७ नोव्हेंबर २०१५: गोवा ७, मुंबई ०. डुडू आणि थोंगखोसिएम हाओकिप, दोघांचीही हॅट्ट्रिक. एकाच संध्याकाळी दोन हॅट्ट्रिक खाऊन परत निघालेल्या प्रवाशाला टीसीनेही तिकीट विचारू नये. २०१८ च्या ऑक्टोबरात पुन्हा ०-५. त्याच हंगामाच्या उपान्त्य फेरीत गोव्याने अंधेरीला येऊन ५-१ असं धुतलं; मग परतीच्या लढतीत आम्ही फातोर्ड्यात १-० जिंकलो, म्हणजे तेरावं आटोपल्यावर डॉक्टर पोचावा तसे.

पुढे २०२० मध्ये मुंबईने तेच केलं जे मुंबईकर गोव्याला गेल्यावर नेहमी करतात. आवडलं ते सगळं पिशवीत भरून आणलं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, त्यांच्या मागोमाग अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, आणि वर म्हापशाचा मंदार राव देसाई. काजू तेवढे विसरले. त्या हंगामात शील्ड मिळाली आणि चषकही. चषकाचा अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यातच झाला. बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून एटीके मोहन बागानला २-१ असं पाडलं. क्लबच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा क्षण, आणि स्टँडात आमच्यातलं काळं कुत्रं नाही, कारण कोविडमुळे अख्खी स्पर्धा गोव्यात बंद दारांआड चालली होती. सात गोल खाल्ले तेव्हा त्या स्टेडियमची दारं आम्हाला सताड उघडी होती. चषक उचलला तेव्हा आम्ही सोफ्यावर, मास्क लावून.

२०२३ च्या फेब्रुवारीत तिथेच ५-३ असं जिंकून शील्ड पक्की केली. आणि मग २४ एप्रिल २०२४. उपान्त्य फेरीची पहिली लढत, नव्वदावं मिनिट, गोवा २, मुंबई ०. याच घटकेला काही शहाणी माणसं गर्दी टाळायला उठली. त्यानंतरची यादी अशी: छांगते, विक्रम प्रताप सिंग, पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत ३-२. उठून गेलेले सगळे आज छातीठोकपणे सांगतात की आम्ही तिथे होतो. त्यांना एवढंच विचारावं की तिसरा गोल कुठल्या टोकाला झाला.

तर ही लढत दुश्मनीची म्हणून रंगवायची टीव्हीवाल्यांना भारी हौस. एका बाजूला सुरुवातीपासून रणबीर कपूर, दुसऱ्या बाजूला विराट कोहली, त्यामुळे ‘महामुकाबला’ वगैरे मथळे आयतेच मिळाले. नट आणि क्रिकेटपटू यांच्या मधल्या जागेत थोडा फुटबॉलही होतो. पण मुंबईचा फुटबॉल गोव्यापासून वेगळा काढायचा तरी कसा? धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे सामायिक खोल्यांमध्ये, बोटीवर जाणारे गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि मुंबईच्या मैदानांवर त्यांची आडनावं खेळली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांकडून खेळायचा. २०२४ मध्ये मडगावचा ब्रँडन फर्नांडिस गोवा सोडून मुंबईत आला. आमच्या स्टँडात जो सगळ्यांत मोठ्याने गोव्याला शिव्या घालतो, त्याचं आजोळ सासष्टीत निघतं. रात्री तो जेवायलाही तिकडेच जातो.

एका गोष्टीत मात्र मुंबई यजमानांच्या पुढे आहे: क्लब बंद करण्यात. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. गोव्याने २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो असे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून एकदम काढून घेतले खरे, पण गावच्या मैदानावर त्यांचा फुटबॉल चालूच राहिला. आमच्याकडे मैदानच आधी दुसऱ्याला भाड्याने दिलेलं असतं.

मडगाव स्टेशन ते फातोर्डा अंतर तीन-चार किलोमीटरांचं. टॅक्सीवाल्याशी मीटरचा विषय काढू नये, सामन्याच्या दिवशी मन प्रसन्न असावं. पायलट घ्यावा, म्हणजे मोटारसायकलवाला. पाठीमागे बसल्या बसल्या तो दोन्ही संघांचं विश्लेषण फुकट देतो आणि ते स्टुडिओतल्यापेक्षा बरं असतं. आत जाण्यापूर्वी रॉस ऑम्लेट आणि पाव खावा. दारावर पाण्याची बाटली, पॉवरबँक आणि सुटी नाणी काढून घेतात. नाणी फेकून कुणाला लागेल ही भीती रास्त आहे, पण फेकायला नाणी उरायची तर टॅक्सी करायला नको होती.

आत गेल्यावर ‘फोर्सा गोवा’चा गजर. शेजारच्या कठड्यावरून एखादा आजोबा हमखास विचारतो, ‘कितें रे मुंबयकार, आयज कितले जाय?’ किती गोल हवेत, अशी ती प्रेमळ चौकशी असते. उत्तर देऊ नये. सातचा आकडा त्यांच्या तोंडपाठ आहे.

डोंबिवलीकरांना या सगळ्याचं काही वाटत नाही. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, घाटकोपरहून मेट्रो, आझाद नगरला उतरून अंधेरीचं मैदान. त्यांना घरचा सामनाही परगावचाच. खरे सुखी कोल्हापूरकर. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो की प्रॅक्टिस क्लब, सगळे खेळणार शाहू स्टेडियमवर. पेठेतून चालत निघायचं, भांडून चालत परत यायचं. आरक्षण नाही, वेटिंग नाही.

माझा अंदाज विचाराल तर २-२. गोवा घरच्या मैदानावर सुरुवात जोरात करील, मुंबई उत्तरार्धात जागी होईल, आणि नव्वदाव्या मिनिटाआधी जागा सोडणाऱ्याला ग्रुपमधून काढण्यात येईल.

राहता राहिलं परत येणं, आणि इथे आयोजकांशी दोन शब्द. सामना साडेसातला सुरू होतो, कारण टीव्हीला तीच वेळ सोयीची. कोकणकन्या मडगावहून मुंबईकडे सातला सुटते. म्हणजे खेळाडू मैदानावर अंग मोकळं करत असतात, तेव्हा आमची गाडी आमच्याशिवाय थिविमकडे निघालेली असते. वंदे भारत त्याआधीच, दुपारी गेलेली. आमच्या वाट्याला येते ती दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी, जी रात्री पावणेदहाला मुंबईत सोडते. आणि एवढ्यात सोमवारची रजा संपलेली असते. ऊन लागतं म्हणाल, तर राष्ट्रीय लीगच्या काळात याच गोव्यात सामने भर दुपारी व्हायचे आणि लोक टोपी घालून बघायचे. तेव्हा एकच विनंती. परगावचे पाठीराखे येणार असतील त्या दिवशी सामना साडेचारला सुरू करा. साडेसहाच्या आत संपतो, आणि तिथून स्टेशन पायलटवर दहा मिनिटांचं आहे.